‘डू’ म्हणजे करणे, मग ‘डू यू लाइक टी?’ मध्ये करायचं काय?

प्रश्न असा आहे. मुलगी सातवीत, मराठी माध्यमात. शब्दार्थांच्या वहीत ‘डू – करणे’ असं लिहून तिनं पाठ केलं. मग ‘डू यू लाइक टी?’ या वाक्यात कोण काय करतंय, असं आईला विचारलं. आईला सांगता आलं नाही. त्याच वहीत ‘आय डिडन्ट वेंट टू स्कूल’ या वाक्यावर लाल फुली होती, आणि ती का, हेही मुलीला पटेल असं समजावता आलं नाही. जाता जाता आईनं आणखी एक विचारलंय: हा शब्द मुळात आला कुठून?

ताई, मी ३१ वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवत आले आहे. माझ्या लहानपणी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून आपल्या राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं. पण पाचवीतलं मूल असो की पहिलीतलं, हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि जे मूल विचारतं ते नीट विचार करतंय असं मी समजते. मला स्वतःला याचं उत्तर शाळेत मिळालं होतं ते एवढंच: ‘प्रश्न करायचा असला की डू लावायचा, पाठ कर.’ पाठ केलं, मार्कही मिळाले, पण कळलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात आधी सांगते. ‘डू यू लाइक टी?’ मधला डू ‘करणे’ नाहीच. तिथे तो हमालासारखा उभा आहे. वाक्याचा काळ आणि कर्त्याचं एकवचन-अनेकवचन हे ओझं मुख्य क्रियापदाच्या खांद्यावरून उतरवून तो आपल्या खांद्यावर घेतो. अर्थ मुख्य क्रियापदाकडे राहतो, ओझं डूकडे जातं. अर्थाच्या दृष्टीनं मराठीत त्याच्या जागी बसतो आपला ‘का’. ‘तुला चहा आवडतो का?’ आपला ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो, त्यांचा डू सुरुवातीला. मुलीला एवढं आजच सांगून टाका, तिचं निम्मं समाधान होईल.

उरलेलं निम्मं मराठीतूनच कळतं. हे तिच्यासोबत बसून, कागदावर लिहून करा.

‘तू खेळतोस.’ आता नकार करा. ‘तू खेळत नाहीस.’ काय झालं बघा: ‘खेळतोस’मधला ‘स’ उडाला आणि ‘नाही’ला जाऊन चिकटला. ‘मुलं खेळतात’ आणि ‘मुलं खेळत नाहीत’ यातही तेच. अनेकवचनाची खूण ‘खेळतात’वरून सुटली, ‘नाहीत’वर गेली. मागे उरलं नुसतं ‘खेळत’, ज्याच्यावरून कर्ता एक आहे की अनेक हे कळतच नाही. आता इंग्रजी बघा. ‘ही प्लेज.’ नकार: ‘ही डझन्ट प्ले.’ ‘प्लेज’मधला स उडाला आणि डूला जाऊन चिकटला, म्हणून ‘डज’. मागे उरलं नुसतं ‘प्ले’. आपण जन्मापासून बोलताना जे करतो, तेच इंग्रज करतात. फरक इतकाच की आपलं ओझं ‘नाही’ स्वतः उचलतो. त्यांच्या ‘नॉट’ला कुठलाच प्रत्यय लागत नाही, त्यामुळे शेजारी एक उचलणारा उभा करावा लागतो.

वर्गात मी हे पुठ्ठ्याची कार्डं करून शिकवते. एका मुलाच्या गळ्यात ‘ही’, दुसऱ्याच्या गळ्यात ‘प्ले’, आणि ‘प्ले’च्या हातात ‘एस’चं छोटं कार्ड. मग मी ‘नॉट’ला बोलावते. तो मध्ये येऊन उभा राहिला की ‘प्ले’नं हातातलं कार्ड कुणाला तरी द्यायचं. ‘नॉट’ला मी आधीच हात मागे बांधायला सांगितलेले असतात. ‘प्ले’ गोंधळून इकडेतिकडे बघतो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘बाई, डूला बोलवा!’ डू येतो, कार्ड घेतो, त्याचा ‘डज’ होतो. एका वर्षी ‘प्ले’ झालेला मुलगा कार्ड सोडायलाच तयार नव्हता. त्यानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि डूच्या गळ्यातही मी चुकून ‘डज’ची पाटी घातली होती. अख्खा वर्ग हसला. ‘ही डझन्ट प्लेज’ ही चूक त्या वर्गानं त्यानंतर क्वचितच केली.

मग ‘डिडन्ट वेंट’ का होतं? माझ्या अनुभवात आपल्या मुलांची ही सर्वांत चिवट चूक आहे, आणि ती आळसानं होत नाही. ती मराठी चांगलं येत असल्यामुळे होते. पुन्हा कागद घ्या. ‘तू खेळलास.’ नकार: ‘तू खेळला नाहीस.’ ‘स’ नेहमीप्रमाणे उडून ‘नाही’कडे गेला. पण भूतकाळ दाखवणारा ‘ल’? तो जिथल्या तिथे. ‘मी गेलो, मी गेलो नाही.’ ‘गेलो’ला कुणी हातही लावला नाही. मराठीत साध्या भूतकाळाचा नकार करताना काळ मुख्य क्रियापदाकडेच राहतो. इंग्रजीत मात्र काळसुद्धा ओझ्यातच धरतात आणि तोही डू उचलतो, म्हणून ‘डिड’. ‘वेंट’मधला भूतकाळ ‘डिड’मध्ये गेला की मागे ‘गो’च उरणार. ‘आय डिडन्ट गो.’ मुलगी ‘डिडन्ट वेंट’ लिहिते तेव्हा ती मनातल्या ‘गेले नाही’मधल्या ‘गेले’ला इमानदारीनं जपत असते. लाल फुली मारताना तिला हे सांगितलं असतं, तर फुली तिच्या लक्षात राहिली असती.

तिला मदत करायची असेल तर ‘गेले नाही’ बाजूला ठेवा आणि ‘जात नव्हते’ घ्या. ‘मी जात नाही, मी जात नव्हते.’ इथे मराठीतही ‘जात’ बदलत नाही, काळ ‘नाही–नव्हते’ दाखवतात. अर्थ ‘डिडन्ट गो’चा नाही, पण सांगाडा तोच आहे. माझ्या मुलांना ही वाट सोपी गेली आहे.

काही क्रियापदांना डू लागतच नाही: ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’, ‘शुड’. ही स्वतःच उचलणारी आहेत. ‘कॅन यू स्विम?’ म्हणताना ‘कॅन’ उठून पुढे जातो, ‘नॉट’लाही शेजारी घेतो. डूला तेव्हाच बोलावतात जेव्हा वाक्यात दुसरा कुणी उचलणारा नसतो. ‘हॅव’चं मात्र दोन्हीकडे पाऊल आहे. ‘हॅव यू ईटन?’ मध्ये डू नको, पण ‘तुझ्याकडे पेन आहे का?’ यासाठी जुनी माणसं ‘हॅव यू अ पेन?’ म्हणायची, आज ‘डू यू हॅव अ पेन?’ रूढ आहे. आजोबांच्या पिढीतल्या कुणी पहिलं शिकवलं तर त्यांना चुकीचं ठरवू नका, ते त्यांच्या काळचं शुद्ध इंग्रजी आहे.

आता उगम. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे हा शब्द आपल्या घरात निघतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘दोन्’ असं होतं. जर्मनमध्ये ते आज ‘टून’ आहे, डचमध्ये ‘डून’. या सगळ्यांच्या मागे जाऊन भाषाशास्त्रज्ञांनी जे मूळ बांधलं आहे त्याचा अर्थ ‘करणे’ नसून ‘ठेवणे, स्थापणे’ असा आहे. आणि ते मूळ संस्कृतात आहे ‘धा’, दधाति. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं. १८२२ साली याकोब ग्रिम यांनी ध्वनी कसकसे बदलत गेले त्याचे नियम लिहिले. त्यातला एक आपल्या कामाचा: संस्कृतात जिथे ध, तिथे इंग्रजीत ड. मध्य–मिड. विधवा–विडो. मधु–मीड, म्हणजे मधाची दारू. रुधिर–रेड. त्याच रांगेत धा–डू.

अर्थ ‘ठेवणे’वरून ‘करणे’वर कसा गेला? रशियनमध्ये या मुळापासून आलेला ‘द्येलात’ म्हणजे करणे, तर लिथुएनियनमध्ये ‘देति’ म्हणजे अजूनही ठेवणे. लॅटिनमध्ये तेच मूळ ‘फाकेरे’ झालं, अर्थ करणे. त्यापासून इंग्रजीत ‘फॅक्ट’ आला, मूळ अर्थ ‘केलेली गोष्ट’. ग्रीकमध्ये ठेवण्याचा अर्थ टिकला आणि त्यातून ‘थीम’ आणि ‘थीसिस’ आले. म्हणजे एकाच घरातली काही भावंडं ‘ठेवणे’ला धरून राहिली, काही ‘करणे’कडे गेली.

मराठीत हा धा किती ठिकाणी बसलाय ते मोजायला घेतलं की थांबवत नाही. विधान, निधी, विधी, समाधान, प्रधान, अवधी, संधी. आणि घरगुती ‘सांधणे’ आणि गुडघ्याचा ‘सांधा’. त्याच धाचं एक रूप ‘हित’, म्हणून पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला आणि संहिता म्हणजे एकत्र ठेवलेली. व्याकरणात क्रियापदाच्या मुळाला आपण ‘धातू’ म्हणतो, तो शब्दही याच धातूचा.

जोड्या तर बघत राहाव्यात अशा आहेत. इंग्रजीत कपडे अंगावर चढवणे म्हणजे ‘डॉन’. तो ‘डू ऑन’ या दोन शब्दांचा मिळून झालेला आहे, आणि उतरवणे म्हणजे ‘डॉफ’, ‘डू ऑफ’. आपण भारदस्त मराठीत काय म्हणतो? परिधान करणे. परि अधिक धा. अंगाभोवती ठेवणे. दुसरी जोडी: श्रद्धा. ‘श्रद्’वर धा. लॅटिनमध्ये अगदी हीच जोडणी ‘क्रेदो’ या शब्दात आहे, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’, आणि त्यातूनच आला ‘क्रेडिट’. वाण्याकडच्या उधारीला मूळ अर्थानं श्रद्धाच म्हणायला हवं. तिसरी: जुन्या इंग्रजीत या मुळापासून ‘दोम्’ हा शब्द झाला, ठरवून दिलेला कायदा, निवाडा. १०८६ साली विल्यम राजानं इंग्लंडची जमीन, गुरं, माणसं यांची जी मोजदाद करवली, तिच्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात, तो हाच डूम. ‘किंगडम’, ‘फ्रीडम’, ‘विज्डम’ यांच्या शेपटीला असलेला ‘डम’ही तोच, आणि आपलं ‘धाम’ त्याच घरातलं.

अमेरिकेतल्या लग्नात वर-वधू म्हणतात ‘आय डू’. आपल्याकडे अंतरपाटापाशी भटजी म्हणतात ‘सावधान’. सावधान म्हणजे अवधानासह, आणि अवधान म्हणजे अव अधिक धा, मन एका ठिकाणी ठेवणं. दोन्हीकडच्या त्या क्षणाच्या शब्दात एकच धातू आहे हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री उठून वहीत लिहून ठेवलं होतं. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या विधीत मात्र उत्तर ‘आय विल’ असं आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. संस्कृत शिकलेल्या एका हुशार मुलानं मला विचारलं होतं, ‘बाई, पाणिनीच्या धातुपाठात “डुकृञ् करणे” आहे ना? मग डू तिथूनच आला का?’ नाही. त्या ‘डुकृञ्’मधला खरा धातू ‘कृ’ आहे. आधीचा ‘डु’ आणि शेवटचा ‘ञ्’ ही व्याकरणकारांनी लावलेली खुणेची अक्षरं आहेत, ती उच्चारात येतच नाहीत. धा धातूही तिथे ‘डुधाञ्’ असाच लिहिलाय. म्हणजे आपलं ‘करणे’ कृपासून आलं आणि त्यांचं ‘डू’ धापासून. अर्थानं जुळे, पण सख्खे नाहीत. शब्दांची नाती नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर जोडायची नसतात. ध–ड सारखा बदल एका ओळीत अनेक शब्दांत दिसला तरच ते नातं धरायचं.

संस्कृत घेतलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवा. संस्कृतात काही जुन्या भूतकाळी रूपांत पहिलं अक्षर दुप्पट होतं: कृचं चकार, दृश्चं ददर्श, धाचं दधौ. ‘डिड’मध्ये ड दोनदा का येतो? कारण तेही असंच दुप्पट झालेलं रूप आहे. इंग्रजीत अशी दुहेरी रूपं जवळजवळ पुसली गेली, ‘डिड’मध्ये तेवढी एक खूण राहिली.

आणि आता ‘प्लेड’, ‘वॉक्ड’, ‘लव्हड’ यांच्या शेवटी येणारा ‘एड’. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात की हा प्रत्यय म्हणजे झिजून झिजून शब्दाला चिकटलेला जुना ‘डिड’च आहे. हे अवघड वाटत असेल तर स्वतःचं बोलणं ऐका. आपण ‘फॉरवर्ड केलं’, ‘डाउनलोड केलं’, ‘रिचार्ज केलं’ म्हणतो. परका शब्द मराठीत चालवता येत नाही, म्हणून त्याच्यामागे ‘करणे’ लावून काळाचं काम ‘करणे’कडून करून घेतो. हजारो वर्षांपूर्वी इंग्रजीच्या पूर्वजांनी नव्या क्रियापदांचा भूतकाळ बहुधा असाच केला. म्हणजे ‘डिडन्ट प्लेड’ लिहिणं हे ‘डिड’ दोनदा लिहिणं झालं, एकदा उघड आणि एकदा झिजलेल्या रूपात. मुलीला हे सांगून बघा. मोठ्या मुलांना मी हे सांगते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठीच मी शिक्षिका झाले असं वाटतं.

पण हा ओझं उचलणारा डू इंग्रजीत कायम नव्हता. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात क्रुसावरचं एक प्रसिद्ध वचन आहे: ‘दे नो नॉट व्हॉट दे डू.’ ते काय करतात ते त्यांना कळत नाही. या छोट्या वाक्यात शेवटचा डू म्हणजे खरोखर ‘करणे’. आणि नकारासाठी? नुसता ‘नो नॉट’, डूशिवाय. आज कुणीही ‘दे डोन्ट नो’ म्हणेल. प्रश्नही क्रियापद पुढे नेऊनच व्हायचे, ‘नो यू द मॅन?’ अशा घाटाचे. म्हणजे ‘लाइक यू टी?’ एके काळी चाललं असतं.

मग डू आला कसा? अल्वार एलेगोर्ड नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं जुन्या ग्रंथांतली हजारो वाक्यं मोजून १९५३ साली यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की डू आधी ‘करवून घेणे’ या अर्थानं वापरत. राजानं किल्ला ‘डिड बिल्ड’ म्हणजे बांधवून घेतला. आता आपण काय म्हणतो बघा. ‘शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला.’ बांधवला, बांधून घेतला असं म्हणायला हवं, पण नुसतं ‘बांधला’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. इंग्रजीतही असंच झालं असावं: ‘डिड बिल्ड’ आणि ‘बिल्ट’ यांतला फरक पुसट होत गेला आणि डूच्या हाती नुसता काळ उरला. काहींना यामागे वेल्श भाषेचा हात दिसतो, कारण तिच्यातही ‘करणे’ या अर्थाचं ‘ग्व्नैद’ हे क्रियापद असंच मदतीला येतं. मला दोन्ही गोष्टींत तथ्य वाटतं, पण बांधवण्याचं स्पष्टीकरण मराठी माणसाला जास्त पटकन कळतं एवढं नक्की.

१५०० ते १७०० या दोनशे वर्षांत डू प्रश्नांत घट्ट बसला, साध्या नकारांत जरा उशिरा. ‘नो’, ‘केअर’, ‘डाउट’ यांसारखी क्रियापदं बराच काळ अडून बसली होती. ‘आय नो नॉट’ म्हणूनच अजून कानाला ओळखीचं वाटतं.

मुख्य क्रियापद म्हणून डूचा वापर हा वेगळा विषय आहे, पण वहीत ‘डू – करणे’ एवढंच लिहिल्यानं जिथे अडतं त्या दोन जागा सांगते.

पहिली, डू आणि मेक. दोन्हीला मराठीत ‘करणे’. अभ्यास करणे ‘डू’, पोळ्या करणे ‘मेक’. मी मुलांना एक कसोटी देते: करून झाल्यावर काही उरतं का? पोळ्या केल्या, डब्यात पोळ्या आहेत. आवाज केला, आवाज झाला. पसारा केला, आता तो पसारा आवरा. इथे मेक. अभ्यास केला, व्यायाम केला, कुणावर उपकार केला, हातात ठेवता येईल असं काही नाही. इथे डू. चूक करणे याला ‘मेक’ का, असं विचारलं की मी म्हणते, वहीत बघ, चूक उरलीय ना. ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. धंदा करणे ‘डू’ आणि पैसा करणे ‘मेक’ हे कसोटीत बसतं, पण फोन करणे ‘मेक’ का हे तिच्यावरून सांगता येणार नाही. ते ऐकून ऐकून अंगवळणी पडतं.

दुसरी, घरकामातला डू. ‘डू द डिशेस’ म्हणजे भांडी घासणे, ‘डू युवर हेअर’ म्हणजे केस विंचरणे, वेणी घालणे, ‘डू युवर टीथ’ म्हणजे दात घासणे. इंग्रजी इथे एका डूवर भागवते. मराठीत प्रत्येक कामाला आपापलं क्रियापद आहे, आणि त्यात मराठी श्रीमंत आहे. भाषांतर करताना ‘भांडी केली’ लिहू नये. याच्या उलट ‘दॅट विल डू’ यात करण्याचा संबंधच नाही. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: ‘चालेल’. नाहीतर ‘पुरे’. ‘मेक डू’ म्हणजे आहे त्यात भागवणे. ‘आय अ‍ॅम डन’ म्हणजे ‘माझं झालं’. हे अर्थ ‘करणे’ला चिकटून बसलं की कधीच सापडत नाहीत.

परीक्षेत मार्क जातात अशा दोन गोष्टी पटकन. ‘हू टुक माय पेन?’ यात डिड नको, कारण ‘हू’ स्वतःच कर्त्याच्या जागी बसलाय, काही हलवायचंच नाही. आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ याचं इंग्रजी ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज’. आतला भाग हा प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे ‘व्हेअर डज ही लिव्ह’ तिथे येत नाही. मोठमोठ्या पदांवरची माणसंही हे चुकताना मी ऐकलीत, त्यामुळे मुलीला रागावू नका.

शेवटी उरतो तो साध्या होकारी वाक्यातला डू. ‘आय लाइक टी’ आणि ‘आय डू लाइक टी’. दुसऱ्यात काय वाढलं? आपला ‘च’. मला चहा आवडतोच. कुणी ‘तुला चहा आवडत नाही ना?’ असं म्हटलं असेल तरच हे वाक्य शोभतं. ‘ही डिड कम’ म्हणजे ‘अहो, तो आला होता की!’ आणि पाहुण्यांना ‘डू सिट डाउन’ म्हणजे ‘बसा ना’. बोलताना या डूवर जोर द्यावाच लागतो, नाहीतर वाक्य विचित्र वाटतं. १६व्या शतकात मात्र असा डू जोर न देताही सर्रास येत असे. ती सवय पुढे बोलण्यातून गेली, पण कायद्याच्या भाषेत राहिली. कोर्टात प्रतिज्ञापत्र करणारा आजही ‘डू हिअरबाय सॉलम्नली अफर्म’ म्हणतो.

मुलीच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका आहे. तिचा इंग्रजी मसुदा काढून तिला शेवटची ओळ वाचायला सांगा: ‘डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्हज धिस कॉन्स्टिट्यूशन.’ तो डू इथेही आहे. मग मराठी उद्देशिकेत ‘हे संविधान’ या शब्दांवर तिचं बोट ठेवा, आणि ‘संविधान’ची फोड तिलाच करू द्या: सम्, वि, धा.